चार्ल्स फॉर्जेट

चार्ल्स फॉर्जेट (मृत्यू: जानेवारी १८९०, लंडन) हे ब्रिटिश काळातील एक पोलीस अधिकारी होते. १८५५ ते १८६३ या काळात ते मुंबई शहराचे पोलीस अधीक्षक होते. त्यापूर्वी दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे बेळगाव व धारवाडच्या बाजूस, त्यांनी पोलीस अधीक्षक म्हणून काम केले. १८५७ च्या उठावाच्या वेळी मुंबईतील शिपायांचा कट उघडकीस आणणारे अधिकारी म्हणून त्यांचे नाव इतिहासात प्रामुख्याने येते. मात्र त्यांची कारकीर्द आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. चोर पकडणे आणि दंगा मोडणे यांपलीकडे आग विझवणे, रस्ते मोकळे ठेवणे, अफवांनी घाबरलेल्या लोकांना धीर देणे ही कामेही पोलिसांचीच, अशी व्यवस्था मुंबईत ज्या वर्षांत रुजली ती वर्षे त्यांच्या कारकिर्दीची आहेत. मुंबईतील ताडदेव भागातील फॉर्जेट स्ट्रीट हा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पूर्वायुष्य

फॉर्जेट यांचा जन्म व शिक्षण भारतातच झाले. त्यांचे वडील मद्रासच्या तोफखान्यात अधिकारी होते आणि १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत जखमी झाले होते. विलायतेत शिकून थेट मोठ्या हुद्द्यावर येणाऱ्या सनदी अधिकाऱ्यांच्या वर्गात फॉर्जेट यांची गणना कधीच झाली नाही. ते खालच्या पायरीपासून चढत गेले. आरंभी मोजणी खात्यात, नंतर मराठी व हिंदुस्तानी भाषांचे सरकारी भाषांतरकार म्हणून, पुढे पुण्याच्या पोलिसांचे प्रमुख आणि साहाय्यक न्यायाधीश म्हणून त्यांनी नोकरी केली. या मुशाफिरीत त्यांना जे मिळाले ते पुढे आयुष्यभर उपयोगी पडले: मराठी व हिंदुस्तानी भाषा मातृभाषेसारख्या बोलण्याचे कौशल्य, निरनिराळ्या जातीजमातींच्या चालीरीतींची बारीक माहिती आणि वेषांतराची कला. गोरा साहेब बाजारात शिरला की बाजार गप्प होतो, ही त्या काळच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यांची कायमची अडचण होती. फॉर्जेट यांना ती कधी जाणवली नाही.

दक्षिण मराठा मुलखातील काम

मुंबईस येण्यापूर्वी फॉर्जेट यांच्याकडे दक्षिण मराठा मुलखाचे पोलीस अधीक्षकपद होते. बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा १८३६ साली झाला होता. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका त्या काळी आणि पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यातच मोडत असे. त्यामुळे चंदगडच्या पोलीस व्यवस्थेचा जुना इतिहास कोल्हापूर संस्थानापेक्षा बेळगावच्या ब्रिटिश प्रशासनाशी अधिक जोडलेला आहे.

हा मुलूख पोलिसांच्या दृष्टीने अवघड होता. पश्चिमेला सह्याद्रीची धार, तिच्यापलीकडे सावंतवाडी संस्थान आणि पोर्तुगीजांचा गोवा, उत्तरेला कोल्हापूर संस्थान, मध्ये पटवर्धन व इतर जहागीरदारांची गावे, अशा अनेक हद्दी येथे एकमेकींत गुंतल्या होत्या. एका हद्दीत दरोडा घालून रात्रीतून दुसऱ्या हद्दीत उतरणे सोपे होते. आंबोलीचा घाटरस्ता होण्याआधी बेळगाव आणि वेंगुर्ले बंदर यांच्यातील वाहतूक चंदगडलगतच्या रामघाटाने चाले. मिठाचे, नारळाचे, कापडाचे तांडे आणि लष्कराचे सामान याच वाटेने चढत-उतरत असे. पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड, महिपालगड हे या भागातील किल्ले. पावसाळ्यात ताम्रपर्णी व घटप्रभा दुथडी भरून वाहू लागल्या की गावेच्या गावे एकमेकांपासून तुटत आणि मग बातमी पोहोचवणे हेच पोलिसांचे सर्वांत मोठे काम होऊन बसे.

१८४४ साली शेजारच्या सामानगड व भुदरगड येथे गडकऱ्यांनी बंड केले. त्यांच्या जमिनी व हक्क यांना हात लावण्यात आल्याचे ते फळ होते. बंडाचे लोण सावंतवाडीपर्यंत गेले आणि अनेक बंडवाले गोव्याच्या हद्दीत निसटले. १८५२ ते १८५५ या वर्षांत गोव्याच्या सत्तरी भागात दीपाजी राणे यांचे बंड चालू होते. फॉर्जेट यांच्या काळातील दक्षिण मराठा मुलखाची ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे तेथील पोलिसांस दरोडेखोर कोण, बंडवाला कोण आणि हक्क गमावलेला वतनदार कोण, हे ओळखणे किती कठीण असेल याची कल्पना येते. सरकारी दप्तरात तिघांसाठी बहुधा एकच शब्द वापरला जाई.

गावपातळीवर पोलिसांचे काम पगारी शिपाई करीत नसत. १८२७ च्या बाराव्या नियमाने (रेग्युलेशनने) मुंबई इलाख्यातील पोलीस व्यवस्थेची घडी बसवली होती आणि तिचा पाया गावचा पाटील हाच होता. त्याच्या हाताखाली महार, तळवार, शेतसनदी असे वंशपरंपरेचे गावकामगार असत. शेतसनदी म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात जमीन कसणारा हत्यारबंद माणूस. बेळगाव-धारवाडकडे हा वर्ग मोठा होता. रात्रीची गस्त, परक्या माणसाची चौकशी, चोराचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील पाटलाच्या हवाली करणे, ही त्यांची कामे. घर पेटले, गुरे वाहून गेली, वाटेत कोणी बेवारस मेलेला आढळला की पहिली हाक पाटलालाच जाई. संकटात मदत हे पोलिसांचे काम आहे असे वेगळे सांगण्याची तेथे गरजच नव्हती, कारण पोलीस आणि गाव यांत अंतर नव्हते. या व्यवस्थेचे दोषही तितकेच खरे होते. चाकरीचा सर्व भार खालच्या जातींवर पडे, मोबदला अपुरा असे आणि पाटीलच चोरांना सामील असला तर दाद मागायला जागा नसे.

लॉर्ड फॉकलंड गव्हर्नर असताना, १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, इलाख्यातील प्रत्येक जिल्ह्यास स्वतंत्र पोलीस अधीक्षक देण्याचे धोरण आखले गेले. महसूल गोळा करणाऱ्या कलेक्टरच्या अनेक कामांपैकी एक काम, एवढेच स्थान असलेल्या पोलीस खात्याला त्यामुळे स्वतःचा प्रमुख मिळाला. फॉर्जेट हे या पहिल्या पिढीतील अधिकारी होत. वेषांतर करून टोळ्यांच्या बातम्या काढण्याची त्यांची पद्धत आणि तिची ख्याती दक्षिण मराठा मुलखातच तयार झाली आणि तिच्या बळावर त्यांची मुंबईला निवड झाली.

मुंबईचे पोलीस अधीक्षक

१८५५ साली फॉर्जेट यांनी मुंबईचा कारभार हाती घेतला तेव्हा शहर पोलिसांची अब्रू फारशी उरली नव्हती. लाचखोरी वरपासून खालपर्यंत मुरलेली होती. तशी ती जुनीच होती. मुंबईच्या पोलिसांचे १७७९ साली नेमलेले प्रमुख जेम्स टॉड यांनाही लाचखोरीच्याच आरोपावरून जावे लागले होते. फॉर्जेट यांनी साक्षीदारांची वाट न पाहता स्वतः वेष पालटून जुगाराचे अड्डे आणि पोलीस चौक्या पाहिल्या आणि दोषी आढळलेल्यांना काढून टाकले.

त्यांच्या वेषांतराविषयी एक आख्यायिका पुष्कळ प्रसिद्ध आहे. पहारेकऱ्यांना चुकवून आपल्या बंगल्यात कोणी शिरू शकणार नाही, अशी पैज गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत झाडूवाल्याच्या वेषातील फॉर्जेट उभे होते, असे सांगतात. गोष्ट तंतोतंत अशीच घडली की नाही हा भाग वेगळा. गव्हर्नर आणि पोलीसप्रमुख यांच्यातील विश्वासाचे नाते मात्र खरे होते आणि दोनच वर्षांनी त्याची कसोटी लागली.

१८५६ साली कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांच्या पोलिसांसाठी तेरावा कायदा आणि शहरांच्या सफाई व सुधारणेसाठी चौदावा कायदा झाला. दोन्ही कायदे एकापाठोपाठ यावेत हा योगायोग नव्हता. वाहतुकीस अडथळा, उघडी गटारे, पडायला झालेली घरे, रस्त्यावरील दारूकाम, मोकाट जनावरे या बाबी तेव्हा गुन्हा आणि गैरसोय यांच्या सीमेवर होत्या आणि दोन्हींसाठी माणूस एकच होता, तो म्हणजे चौकीवरचा शिपाई.

आग विझवण्याचे काम

१८०३ साली मुंबईच्या कोटात लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला होता. त्यानंतरही अर्धशतक शहरात आगीसाठी कायमची व्यवस्था नव्हती. लाकडी माड्या, कापसाच्या गाठींची वखारे आणि अरुंद गल्ल्या अशा शहरात ही उणीव जीवघेणी होती. १८५५ मध्ये, म्हणजे फॉर्जेट यांनी कारभार घेतला त्याच वर्षी, घोड्यांनी ओढायच्या बंबांसह अग्निशमनाचे काम पोलिसांकडे जोडकाम म्हणून सोपवण्यात आले. मुंबई अग्निशमन दल आपला आरंभ याच वर्षापासून धरते.

वेगळे दल न नेमता पोलिसांवरच हे काम टाकण्यामागे काटकसर होती, तसेच व्यवहारही होता. रात्री जागा असणारा, प्रत्येक गल्ली माहीत असणारा आणि हाकेसरशी धावू शकणारा दुसरा सरकारी माणूस शहरात नव्हता. आगीच्या जागी पाण्याइतकीच गरज गर्दी आवरण्याची आणि बाहेर काढलेल्या मालाची लूट थांबवण्याची असते, आणि ती पोलिसांनाच साधत असे. खरी अडचण पाण्याची होती. विहिरी व तलाव यांवर भिस्त असेपर्यंत बंब असून नसल्यासारखेच. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले तेव्हा कोठे परिस्थिती सुधारू लागली.

फॉर्जेट यांच्यानंतरही हे दल पोलीस आयुक्तांच्या हाताखालीच होते. १ एप्रिल १८८७ रोजी ते महापालिकेकडे गेले आणि १८९० साली लंडनच्या अग्निशमन दलातील डब्ल्यू. निकोल्स यांना त्याचे प्रमुख नेमण्यात आले. बत्तीस वर्षे मुंबईत आग विझवणे हे पोलिसांचे काम होते, ही गोष्ट आता बहुतेकांच्या स्मरणात नाही.

१८५७

मे १८५७ मध्ये मेरठ व दिल्लीच्या बातम्या आल्या तेव्हा मुंबईत गोरे सैनिक सुमारे चारशे होते आणि देशी पायदळाच्या तीन पलटणी होत्या: दहावी, अकरावी आणि मरीन बटालियन. शहरात भीती पसरली. युरोपीय कुटुंबे जहाजांवर जागा शोधू लागली, तर व्यापाऱ्यांनी रोकड पुरून ठेवण्यास सुरुवात केली. ३१ जुलै रोजी कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला आणि त्यातील काही शिपाई घाट उतरून कोकणाकडे गेले. बंडाची आच आता मुंबई इलाख्यातच लागली होती. कोल्हापूरला कर्नल ल ग्रँड जेकब यांनी कठोर शिक्षा दिल्या. तरीही डिसेंबरात तेथे पुन्हा उठाव झाला आणि छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना कराचीस नेऊन ठेवण्यात आले.

मुंबईत धोका कोणाकडून आहे याबद्दल अधिकाऱ्यांत एकमत नव्हते. लष्करप्रमुख ब्रिगेडियर शॉर्ट यांना शिपायांची खात्री वाटे आणि मोहरमच्या दिवसांत शहरातील मुसलमान उठतील अशी धास्ती वाटे. फॉर्जेट यांचे मत नेमके उलटे होते. बाजारात, मशिदींच्या आसपास आणि खानावळींत वेष पालटून फिरल्यावर शहरातील सामान्य माणूस शांत आहे, चुळबूळ आहे ती पलटणींत, अशी त्यांची खात्री झाली. मोहरमच्या बंदोबस्तात युरोपीय पोलीस शहरभर विखरून ठेवण्याची योजना ठरली. तेव्हा शिपाई उठल्यास आपल्याला हा हुकूम मोडावा लागेल, असे त्यांनी गव्हर्नरांना आधीच सांगून ठेवले. एल्फिन्स्टन यांनी त्यांना अडवले नाही. स्वतःच्या जबाबदारीवर पन्नास युरोपीय घोडेस्वारांचे एक पथकही फॉर्जेट यांनी उभे केले.

शहरातील वातावरण ताब्यात ठेवण्यासाठी त्यांनी वापरलेले उपाय सौम्य नव्हते. इंग्रजांच्या पराभवाच्या बातमीवर आनंद दाखवणारा माणूस सापडला की जागच्या जागी अटक होई. पोलीस कचेरीच्या आवारात त्यांनी फाशीचा खांब उभारला आणि संशयित पुढाऱ्यांना बोलावून तो दाखवला. कायद्याने हे सारे कोठवर चालण्यासारखे होते, हा प्रश्न त्या दिवसांत कोणी विचारला नाही.

मोहरमच्या अखेरीस देशी पलटणीतील एक दारू प्यायलेला ख्रिस्ती ढोलवादक हिंदूंच्या मिरवणुकीत घुसला आणि त्याने मूर्ती पाडली. दोन पोलीस शिपायांनी त्याला पकडले. त्यावर त्याच्या पलटणीतील शिपायांनी कोठडीवर चाल करून त्याला सोडवले आणि पोलिसांनाच मारहाण करून आपल्या बराकीत ओढून नेले. त्यांना सोडवायला गेलेल्यांशीही चकमक झाली. बातमी कळताच फॉर्जेट एकटे घोडा फेकत तेथे पोहोचले. तलवारी उपसलेले शिपाई बाहेर पडू पाहत होते आणि त्यांचे अधिकारी त्यांना कसेबसे थोपवून धरत होते. फॉर्जेट यांना पाहून शिपाई अधिकच चवताळले, म्हणून अधिकाऱ्यांनी त्यांना निघून जाण्याची विनंती केली. ते हलले नाहीत. थोड्याच वेळात त्यांचे साहाय्यक एजिंग्टन पन्नासपेक्षा अधिक युरोपीय पोलीस घेऊन आले. तेव्हा फॉर्जेट यांनी दरवाजे उघडण्यास सांगितले. शिपाई क्षणभर थबकले आणि मागे फिरले.

मोहरम पार पडला, परंतु पलटणींतील हालचाल थांबली नाही. सोनापूर भागातील गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई रात्री जमतात असे फॉर्जेट यांना कळले. त्यांनी गंगाप्रसादला रात्री पोलीस कचेरीत आणवून त्याच्याकडून सर्व काढून घेतले. नंतर त्याच घरात, भिंतीआडून, त्यांनी बैठका स्वतः पाहिल्या आणि ऐकल्या. पलटणींचे अधिकारी हे मानावयास तयार होणार नाहीत हे ओळखून त्यांनी मरीन बटालियनचे मेजर बॅरो यांना बरोबर नेले. आपलेच विश्वासू शिपाई समोर बसलेले पाहून बॅरो यांना धक्का बसला. मोहरमला फसलेला बेत दिवाळीत पार पाडण्याचे तेथे ठरत होते.

लष्करी न्यायालयात खटला चालला. मरीन बटालियनचे हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचे शिपाई मंगल गाडिया यांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. आजचे आझाद मैदान याच परिसरात आहे. इतर सहा जणांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

ब्रिटिश लेखकांनी या घटनेकडे शहर वाचवणारी कामगिरी म्हणून पाहिले. भारतीय इतिहासलेखनात सय्यद हुसेन व मंगल गाडिया यांना हुतात्म्यांचे स्थान आहे. त्या दिवाळीत मुंबईत रक्तपात झाला नाही आणि शहरातील सामान्य मुसलमानांवर दिल्लीसारखा सूड उगवला गेला नाही, ही वस्तुस्थिती आहे. लष्करप्रमुखांचा अंदाज मानून सगळा बंदोबस्त वस्त्यांवर रोखला गेला असता तर काय झाले असते, हा विचार येथे टाळता येत नाही. त्याचबरोबर याच वर्षी पोलिसांचे संरक्षक आणि हेर हे दोन चेहरे एक झाले. पुढील नव्वद वर्षे इलाख्यातील लोकांनी पोलिसांकडे ज्या संशयाने पाहिले त्याची एक मुळी येथे आहे.

शहराची बदलती रचना

१८५७ नंतरच्या वर्षांत मुंबई झपाट्याने वाढली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसाचे भाव चढले आणि शहरात पैसा व माणसे यांचा पूर आला. १८६४ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली.

कोटाच्या मध्यभागी पूर्वी कापसाचा बाजार भरे ते पटांगण, कॉटन ग्रीन, बाजार कुलाब्यास हलल्यानंतर नारळाच्या करवंट्या आणि केरकचरा टाकण्याची जागा बनले होते. तेथे वर्तुळाकार बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या इमारती उभाराव्यात ही कल्पना फॉर्जेट यांची. तिला प्रथम एल्फिन्स्टन यांनी व नंतर गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी पाठिंबा दिला आणि एल्फिन्स्टन सर्कल उभे राहिले. पोलीस अधिकाऱ्याने बाग सुचवावी हे आज विचित्र वाटते. परंतु घाण, अंधार, रोगराई आणि गुन्हे या एकाच प्रश्नाच्या बाजू आहेत, ही त्या पिढीची समजूत होती. स्वातंत्र्यानंतर या चौकास बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले.

निवृत्ती व उत्तरायुष्य

फॉर्जेट यांनी १८६३ साली मुंबई सोडली. भारतीय व युरोपीय व्यापाऱ्यांनी त्यांना मानपत्रे व मोठ्या रकमांच्या थैल्या दिल्या आणि सरकारने त्या स्वीकारण्यास परवानगी दिली. सरकारने स्वतः मात्र आपल्या कामगिरीची पुरेशी कदर केली नाही, ही खंत त्यांना राहिली. १८७७ साली त्यांनी भारतातील ब्रिटिश सत्तेपुढील धोक्यांविषयी इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात १८५७ च्या मुंबईतील घटनांची त्यांची स्वतःची हकिगत आहे आणि नंतरच्या बहुतेक लेखकांनी तिचाच आधार घेतला आहे. कटाची दुसरी बाजू सांगणारी कागदपत्रे जवळजवळ नसल्याने ही हकिगत वाचताना तिचा लेखक तिचा नायकही आहे हे ध्यानात ठेवावे लागते. जानेवारी १८९० मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

नंतरचा काळ

फॉर्जेट यांच्या जागी आलेले फ्रँक सौटर हे १८६४ पासून मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले आणि १८८८ पर्यंत त्या पदावर राहिले. १८६७ साली मुंबई इलाख्यात जिल्हा पोलीस कायदा व ग्रामपोलीस कायदा असे दोन कायदे झाले. पाटलाच्या जुन्या कर्तव्यांना दुसऱ्याने लेखी रूप मिळाले. शहरासाठी १९०२ साली स्वतंत्र कायदा झाला. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, रस्त्यावरील असहाय्य व अपंग व्यक्तींना शक्य ती सर्व मदत करणे, कोठडीतील जखमी व आजारी माणसास उपचार मिळवून देणे, आगीपासून होणारी हानी टाळण्याचा प्रयत्न करणे आणि लोकांवरील अपघात व धोका निवारणे ही पोलीस अधिकाऱ्याची लोकांप्रती असलेली कर्तव्ये म्हणून नोंदवलेली आहेत.

चंदगड तालुका १९५६ साली बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापूर जिल्ह्यात आला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेऐवजी नेमणुकीचे झाले. नैसर्गिक आपत्ती, साथीचे रोग आणि बेवारस मृत्यू यांची पहिली खबर तालुक्याच्या ठिकाणी पोहोचवण्याचे काम चंदगडच्या वाड्या-वस्त्यांवर आजही पोलीस पाटलाकडेच आहे.

मुंबईत ताडदेवच्या टेकडीलाही फॉर्जेट यांचे नाव होते. फॉर्जेट स्ट्रीट हे नाव टिकून आहे. मात्र विसरणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा उच्चार जुळत असल्याने या नावाचा एका माणसाशी संबंध आहे हे रस्त्यावरील पुष्कळ रहिवाशांनाही ठाऊक नसते.